गौराबाईच्या बांधाचं भोक

चौक गावाच्या मागं, डोंगराच्या पायथ्याशी गौराबाईची भाताची चार खाचरं आहेत आणि त्यांच्या बांधातून थेंबभर पाणी गळत असेल तर शपथ! लावणी उरकली की बाकीच्या बाया दोन दिवस अंग टाकतात. ही बाई डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन निघालीच चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं बुजवायला. चिंबोरी बांध पोखरते आणि खाचरातलं पाणी निघून जातं, एवढं सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण गाव काय करतं, खाचराच्या अंगाला भोक दिसलं की चिखलाचा गोळा थापतं आणि मोकळं होतं. गौराबाई खाली वहाळात, म्हणजे ओढ्यात, उतरून बांधाची पलीकडची बाजूसुद्धा तपासते. आधी गवताचा बोळा, मग दगड, त्यावर चिकणमाती, आणि वरून टाच.

"दोन्ही तोंडं बंद झाली पायजेत," असं ती म्हणते. तिचं स्वतःचं तोंड मात्र आजवर कोणी बंद झालेलं पाहिलेलं नाही.

शेजारच्या खाचराच्या येसूबाईला तर हे चांगलंच माहीत. "येशे, बांध हाय का चाळण गं?" हे ती लग्न होऊन आल्यापासून दर पावसाळ्यात ऐकत आली आहे. बिचारी हसून सोडून द्यायची, दुसरं काय करणार.

गौराबाईचा मुलगा रूपेश रसायनीच्या एका कारखान्यात शिफ्ट करतो आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरेवाल्या पाहुण्यांना रानातली पाखरं दाखवतो. सून हर्षला त्यांना तांदळाची भाकरी नि सुकट करून घालते. या पाहुण्यांचं गौराबाईला भारी हसू यायचं. धडधाकट माणसं घरचं अंथरूण सोडून चिखलात पालथी पडतात आणि वर आभार मानतात! त्यांतल्या नम्रता मॅडमनी तर कमालच केली होती. थायलंड झालं, श्रीलंका झाली, बोर्निओ की कायसं झालं, आणि आता आल्या होत्या इथं.

"एवढी दुनिया हिंडलीस, नि आमच्या वहाळात काय शोधतेस गं बाय?"

"तिबोटी खंड्या, मावशी. चिमणीएवढा असतो. पिवळं पोट, निळी-जांभळी पाठ, नारिंगी चोच. थायलंडमध्ये दिसला, पण नुसती रेघ दिसली. धड बघायचाय एकदा."

"रेघ बघायला इमानाचं तिकीट!" गौराबाई म्हणाली आणि दोन दिवस ही गोष्ट गावभर सांगत सुटली.

आता खरी भानगड ऐका. त्या खंड्याचं घरटं रूपेशनं हुडकून काढलं होतं. हे पाखरू पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीत बीळ खणून आत पिल्लं काढतं. आणि पाखरं बघणाऱ्यांचा एक रिवाज असतो, की घरटं कुठं आहे ते कोणाला म्हणून सांगायचं नाही. बातमी फुटली की गर्दी होते आणि पाखरू घरटं टाकून जातं. आईला सांगायचं म्हणजे देवळावरच्या भोंग्यातूनच सांगायचं. म्हणून रूपेशनं फक्त हर्षलाला सांगितलं आणि वर बजावलं, "आईला कळता कामा नये हां."

घरटं होतं आईच्याच बांधात. वहाळाच्या अंगाला, करंजाच्या सावलीत. त्या बांधावरून आईचा हात फिरून झालाय, ती आता तिकडं जायची नाही, असं त्यानं गृहीत धरलं. आईला ओळखतो असं पोरांना उगाचच वाटत असतं.

शनिवारी रूपेश कामावर गेला. दुसऱ्या दिवशी नम्रता मॅडम खंड्या बघायला पुन्हा यायच्या होत्या. रात्री पाऊस दणकून झाला होता, म्हणून गौराबाई सकाळी पुन्हा बांध बघायला गेली आणि वहाळात उतरली. करंजाखाली नवं भोक! चिंबोरीचं असतं तेवढंच, गोल. खाचराच्या अंगाला त्याचं तोंड सापडेना, पण ती थोडीच सोडणार? "आज नाय तर उद्या आरपार जाशील तू," असं त्या नसलेल्या चिंबोरीला सुनावून तिनं बोळा कोंबला, दगड बसवला, माती थापली आणि टाच मारली. मग समाधानानं जेवायला घरी गेली.

दुपारी पाणी बघायला आली, तर करंजाच्या खालच्या फांदीवर ते पाखरू बसलेलं. नम्रता मॅडमनी सांगितलं होतं तसंच. देखणं तरी किती! चोचीत सापसुरळीचं पिल्लू धरलेलं. गौराबाई जागच्या जागी उभी राहिली. पाखरू फांदीवरून सुटलं, सरळ बांधाच्या ओल्या मातीवर आपटलं आणि परत फांदीवर येऊन बसलं. मग पुन्हा तेच. मग आणखी एकदा.

"डोळं फुटलं काय गं तुझं?" गौराबाई हसली.

पण पाखरू चोचीतलं गिळेना. एवढा घास तोंडात आहे, समोर माणूस उभं आहे, आणि तरी ते ना गिळत होतं ना उडून जात होतं. गौराबाईचं हसू विरलं. रूपेश अंगावर पीत होता तेव्हा ती दुसऱ्यांच्या लावणीला जायची, आणि सुटल्यावर भिजल्या चोळीनं बांधाबांधानं घराकडं धावत सुटायची. घास पाखराचा नव्हताच.

"आगं आई गं! मी कोंडली पोरं!"

कोयता घालायची भीती, आतल्या जिवांना लागला म्हणजे? ती बोटांनीच माती उकरू लागली. पण काम पडलं गौराबाईचं, ते थोडंच सहज सुटणार! जन्मात पहिल्यांदा तिनं आपल्याच हातांना शिव्या घातल्या. नखं दुखावली, दगड एकदाचा निघाला, बोळा उपसला. भोकाला कान लावला तर आत काहीच आवाज नाही. तिला रडू आलं. ती मागं सरकत सरकत करंजाआड गेली आणि वहाळाच्या पाण्यातच बसली.

पाखरू आलं. भोकाशी क्षणभर थबकलं आणि आत शिरलं. गौराबाईनं देवाचं नाव घेतलं. पाखरू बाहेर आलं तेव्हा चोच रिकामी होती, आणि आतून बारीक किरकिर ऐकू येत होती.

"जगली गं बाय, जगली!" असं म्हणून तिनं घाईघाईनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात टाकळ्याची भाजी खुडून वहाळानं येसूबाई आली. तिनं आधी भोक पाहिलं, मग गौराबाईला.

"अगं बया! तुज्या बांधाला भोक?" तिनं वाकून चिखलाचा गोळा उचलला. "थांब, मी बुजवते."

"हात लावू नको!"

"का गं?"

सगळी हकिकत गौराबाईच्या जिभेवर आली होती. पण येसूबाईला सांगितलं की संध्याकाळपर्यंत गाव गोळा होणार, पोरं गलोली घेऊन येणार. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण आजवर गावात बातम्या तिनं स्वतःच तर पोचवल्या होत्या.

"माज्यानं आता व्हत नाय गं येशे. थकले मी. राहू दे ते तसंच."

येसूबाईच्या हातातला गोळा गळून पडला. ती टोमणा मारील असं वाटलं होतं. त्याऐवजी तिनं जवळ येऊन गौराबाईच्या पाठीवरून हात फिरवला. "चालायचंच गं. वय झालं आपलं," असं म्हणून ती गेली. टोमणा परवडला असता. ती कीव मात्र गौराबाईच्या फार जिव्हारी लागली.

रूपेश संध्याकाळी चौकच्या नाक्यावर उतरला आणि तिथंच त्याला कळलं, की तुझी आई थकली, बांधाचं भोक उघडं टाकलंय. तो तसाच बांधाकडं पळाला, उकरलेली माती बघितली आणि घरी आला.

"आई, त्या भोकाचं काय झालं?"

"कसलं काय? चिंबोरीचं हाय."

"मग बुजवलं नाय ते?"

गौराबाईनं हर्षलाकडं पाहिलं. हर्षला खाली मान घालून भाकरी थापत होती. गौराबाईला सगळं कळलं. ठाऊक होतं तर यांना! फक्त तिलाच सांगितलं नव्हतं.

रूपेश तिच्यापुढं उकिडवा बसला. "आई, तू हे कोणाला बोलली तर नायस ना?"

गौराबाईनं चिखल भरलेली, सुजलेली बोटं पदराखाली घेतली.

"मी? मी तर थकले रं बाबा. सगळ्या गावाला विचार."