दोन्ही हातांनी घेतलेली पेज

त्या हिवाळ्यात माझं आणि खंडोबाचं वाकडं आलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिण्यात चुका होतील. पण घडलं तसं सांगतो.

अमेरिकेत पिस्कॅटवे गावी मुलाच्या घरी राहत होतो. माझी नात स्नेहा इथेच जन्मलेली, नर्स झालेली. आफ्रिकेत मलावी नावाच्या देशात दुष्काळ पडला, तिकडे ती मदतीला निघाली. जाताना मी तिला टोचून बोललो, "वाढायला चाललीस खरी, पण घेणाऱ्याचा हात कधी बघितलास का?" बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली आणि रांगेत उभं राहून इथून आलेला मिलो घेतला. लाल, बेचव ज्वारी. अमेरिकेत ती जनावरांना घालतात असं लोक म्हणायचे. तेव्हापासून ठरवलं, पुन्हा कुणापुढे हात पसरायचा नाही. देवाला नारळ फोडीन, तळी भरीन, पण मागणार नाही.

स्नेहा हसली. "आजोबा, यू आर सो स्टबर्न! मिलो खाल्ला म्हणून तर तुम्ही आहात, बाबा आहेत, मी आहे."

तिकडून ती फोनवर सांगायची, मदतीचा पिवळा मका आला की म्हाताऱ्या नाक मुरडतात, माणसाने पांढरा खायचा म्हणतात. "सेम तुमच्या मिलोसारखं!" आणि तिथे कुणी काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं, एका हाताने घेणं उर्मटपणा.

मग फोन थांबले. दुष्काळामागोमाग आलेल्या पुराने रस्ता तुटलाय आणि तिला मलेरिया झालाय, एवढाच निरोप तिच्या ऑफिसातून आला.

मी हट्टाला पेटलो. देव्हाऱ्यापुढे उभा राहून म्हणालो, "पोरीचा आवाज ऐकेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. बघू कोण हरतं." सून विनवून थकली, "बाबा, तुम्हाला शुगर आहे, असं नका करू." मी ऐकलं नाही. ह्यालाच मी भक्ती समजत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात जीव घुसमटला म्हणून बाहेर पडलो. युनिव्हर्सिटीच्या बसस्टॉपपर्यंत गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकावर बसलो. थंडीतही घाम फुटला होता. येळकोट म्हणायला गेलो तर तोंडातून एवढंच निघालं, "मलावी... देवा, मलावी."

बाकावर डोक्याला रंगीत फडकं बांधलेली एक बाई बसली होती. ती चमकून वळली. "मलावी?" आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "मलावी!" मला इंग्रजी येत नाही. तिने माझा चेहरा बघितला, पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात गरम पांढरी पेज ओतली. मक्याची होती, वासावरून कळलं. मी मान हलवून नको म्हटलं. तिने हात मागे घेतला नाही. शेवटी मी उजवा हात पुढे केला. तो इतका थरथरत होता की पेज सांडायला लागली. तेव्हा तिने माझा डावा हात उचलला आणि उजव्याखाली लावला. तीर्थ घेताना धरतो तसा.

मी प्यालो. शपथ मोडली, आणि मला रडू फुटलं. म्हटलं, देवा, हरलो मी. मागतो. पोर परत दे.

त्या बाईने आपली बस सोडली आणि मला धरून घरी पोहोचवलं. सुनेने पत्ता विचारेपर्यंत ती निघूनही गेली. पुढे मी त्या स्टॉपवर कितीदा तरी जाऊन बसलो, पुन्हा दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "आजोबा, आय ॲम ओके. वीक आहे फक्त." तापात तिला काही जात नव्हतं. मदतीच्या रांगेतली एक म्हातारी रोज यायची आणि आपल्या वाट्याच्या मक्याची पेज करून आणायची. "मी नको म्हटलं, तिचाच शेअर होता ना! ती इतकी रागावली माझ्यावर."

"दोन्ही हातांनी घेतलीस ना?"

"हात कुठे उचलत होते, आजोबा! तिनेच भरवली."

हा चमत्कार होता का, ते मला ठाऊक नाही. मिलो पाठवणाऱ्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही, तरी इतकी वर्षं त्याच्यावर रागावून बसलो होतो. आता सकाळी दिवा लावला की आधी त्याला नमस्कार करतो, मग त्या म्हातारीला, मग बसस्टॉपवरच्या बाईला. नारळ फोडतो, तळीही भरतो. पण त्यानंतर उजव्या हाताखाली डावा धरून खंडोबापुढे नुसता उभा राहतो. त्यात काय घालायचं ते त्याचं त्याने बघावं.