वैयक्तिक की अविभक्त

बर दुबईच्या देवळातून निघून दोघी ऊद मेथाच्या अर्ध्या वाटेवर आल्या होत्या. टॅक्सी नको, चालतच जाऊ, असं सत्यभामावहिनीच म्हणाल्या होत्या. घरात शिरायचं त्यांच्या जिवावर येतं, हे शेजारच्या दर्शनाला न सांगता कळत होतं.

वहिनींचे यजमान सोमनाथराव ऑफिसात खुर्चीतच गेले. लेकीची, सृष्टीची, दहावी होईपर्यंत कंपनीने मायलेकींचा व्हिसा रद्द करायचं थांबवलं होतं. परीक्षा संपत आली, मग इथला मुक्काम खलास.

इथे टॅक्स नाही, पण कराडच्या वडिलोपार्जित दुकानांच्या भाड्याचं रिटर्न तिकडे भरावं लागे. ते ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ म्हणून जाई, कर्ते, म्हणजे कुटुंबप्रमुख, सोमनाथराव. सगळी जुळवाजुळव वहिनी करायच्या. सही माझी, डोकं हिचं, असं ते चारचौघांत सांगत. आता सीएने विचारलं होतं, वहिनींचा वाटा काढून त्यांच्या नावाने ‘वैयक्तिक’ भरायचं, की अविभक्तच ठेवायचं? अविभक्त ठेवलं, तर कर्ता धाकटा दीर अरुण.

भावजींचा फोन आला होता. गोडच बोलले. कराडच्या घरात तुमच्यासाठी खोली रंगवून ठेवलीय म्हणाले. मात्र कागदावर वेगळ्या झालात, तर राहायचीही सोय वेगळी बघा. सृष्टीला गावातल्याच कॉलेजात घालू, दोन वर्षांत स्थळं बघू, हेही त्याच फोनवर ठरवून टाकलं. पोरगी ऐकत होती. “मम्मा, इंडिव्हिज्युअल. ऑब्व्हियसली,” म्हणून आत निघून गेली.

“बरोबर बोलली ती,” दर्शना म्हणाली. “तुमचा हक्क आहे, वहिनी.”

“आहे ना. पण हक्क घेऊन विमानतळावर उतरले, की रिक्षावाल्याला पत्ता कुठला सांगू? माहेरी कुणी उरलं नाही. भाडेकरू भावजींच्या ऐकण्यातले. कोर्टात गेले, तर निकाल लागेस्तोवर ही पोर जेवणार कुठे?”

दर्शनाने मनात रामाचं नाव घेतलं. पुढे काय मागावं, ते मात्र सुचेना.

सिग्नलला वहिनी थांबल्या. हिरवा झाला तरी हलल्या नाहीत.

“उद्या अविभक्त लिहून पाठवते. सृष्टी मला नाही विचारायची, तुझ्याकडे येईल. मी घाबरले, हे तिला कळू देऊ नकोस. तिला म्हण, तुझ्या आईला तो फॉर्मच कळला नाही. एवढं करशील?”