काय तुटलेलं चालेल

आमच्या वहिनीशी वाद घालायचा तर माणसानं आधी पोटभर जेवून जावं. मी कितीदा तरी उपाशीपोटी गेलो आणि हरून परत आलो. तशी ती आवाज चढवत नाही. चढवतो तो मी. ती सगळं ऐकून घेते, चिंधीला हात पुसते आणि म्हणते, "बरं भावजी, झालं तुमचं? आता माझं ऐका." मग माझं काही खरं नसतं.

पंपाच्या कारखान्यात ती लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करते, लग्नाच्या आधीपासून. दादाशी ओळखही तिथलीच. माझा हा थोरला भाऊ कारखान्याचा माल न्यायला ट्रक घेऊन यायचा आणि गाडी भरून झाली तरी निघायचं नाव घ्यायचा नाही. कारखान्यात वहिनीला 'केसभर' म्हणतात. "केसभर जास्त आहे, अजून एक हात फिरवते," हे तिचं पालुपद. तिच्या हाताखालून गेलेला दांडा पुन्हा मोजायला कोणी धजत नाही. एकदा एका नव्या साहेबानं मोजला, तर हिनं त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा स्वतःचं माप तिथंच विसरून गेला.

पक्का रस्ता संपतो तिथून दादाचं काम सुरू व्हायचं. कोरड्या ओढ्यातून, दगडधोंड्यांतून वर पठारावर जायचं. तिथं टेलिफोनचा मनोरा, चार घरं आणि एक शाळा. डिझेलची पिंपं, किराणा, औषधं, शाळेची पुस्तकं, सगळं दादाच पोचवायचा. ट्रक घरचाच, चारही चाकांना ताकद जाणारा, जुना पण दणकट. वरची पोरं हॉर्न ओळखायची म्हणे.

मग एकदा वरच्या वळणावर पुढचा एक्सल तुटला. एक्सल म्हणजे इंजिनाची फिरकी चाकापर्यंत नेणारा पोलादी दांडा. पुढच्या चाकांना वळायचंही असतं, म्हणून त्याचे दोन तुकडे असतात आणि मध्ये क्रॉस नावाचा सांधा. दादा एकटाच होता. जॅक लावून चाक काढलं, आतला दांडा ओढायला हात घातला आणि जॅक सरकला. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. तशा हातानं तो डोंगर उतरून खाली आला. एवढं होऊन त्याचं पहिलं वाक्य काय, तर "माल वर पोचला नाही रे." मला असा राग आला होता! माल गेला खड्ड्यात!

जखम भरली, पण माणूस मिटला. उजवा हात कायम खिशात. जेवायचा डाव्या हातानं, दार उघडायचा डाव्या हातानं. कोणी भेटायला आलं तर आतल्या खोलीत जाऊन बसायचा. ट्रक अंगणात उभा होता, तर खिडकीकडे पाठ करून बसायचा. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही, स्टिअरिंग हलकं करून घ्या. दादा म्हणाला, "चालवीन हो. पण वर काही तुटलं तर? तेव्हा कोणाला हाक मारू?"

मी म्हटलं, सोबत माणूस ने. तर म्हणे, "मला सांभाळायला माणूस लागत असेल तर मग मी कशाला जाऊ?" आमच्या दोघांची डोकी एकाच साच्यातून निघालेली.

वहिनी हे सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर थेट माझ्या दुकानात हजर. माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, हे सांगायचंच राहिलं.

"भावजी, पुढचे एक्सल दाखवा. सगळ्यात टिकाऊ."

मी खुशीत आलो. सगळ्यात जाडजूड जोडी काढून फळीवर आपटली. "हा बघ. मनगटाएवढा आहे. हत्ती बांध याला!"

तिनं तो उचलला, फिरवला, टोकाचे दाते बघितले. "हत्ती बांधायचा नाही मला," ती म्हणाली. "हा मध्ये जाड आणि दात्यांपाशी बारीक. पीळ बसला की सगळा जोर त्या बारीक जागी येणार. तिथंच मोडेल."

"अगं, बाजारात हाच खपतो!"

"खपू दे की."

मी हात जोडले. ती हसली आणि निघून गेली. कुठं गेली असेल? भंगारवाल्याकडे! सुट्टीचे दिवस तिनं तिथं काढले, भंगारात पडलेले तुटके एक्सल उलथेपालथे करत. भंगारवाला मला भेटून म्हणाला, "तुमच्या वहिनी ठीक आहेत ना? मोडकेच शोधतायत, धड असलेला दिला तर घेत नाहीत." वहिनी मग माझ्याकडे येऊन समजावायची. बहुतेक एक्सल दोनच जागी गेले होते. एक तर दात्यांच्या मुळाशी, नाही तर क्रॉसला दोन्हीकडून धरणाऱ्या कानापाशी. कान फाटायचे ते चाक पूर्ण वळलेलं असताना जोर दिला की. दादाचा तसाच गेला होता.

शेवटी तिनं निवडलेली जोडी माझ्या दुकानातली नव्हतीच, ही गोष्ट मला अजून लागते. मागवून घ्यावी लागली. दिसायला सडपातळ, दात्यांपासून मध्यापर्यंत एकसारखी जाडी, पोलाद मात्र उत्तम. पीळ सगळ्या लांबीत वाटला जातो, एका जागी साचत नाही. क्रॉसही तसेच भक्कम घेतले. चाक अगदी टोकापर्यंत वळू नये म्हणून अडवणारा बोल्ट थोडा बाहेर काढला. वळण घ्यायला एकदा मागेपुढे करावं लागेल, पण कान फाटणार नाही. हे सगळं बघून मी मनातल्या मनात हात टेकले. तोंडानं अर्थातच कबूल केलं नाही.

राहिला हब. चाकाच्या मध्यावर बाहेरून वाटीएवढा भाग बसतो, तो एक्सलला चाकाशी जोडतो. बाजारचा हब तिला पोचट वाटला. मग कारखान्यातल्या साहेबांची परवानगी घेऊन तिनं स्वतः लेथवर दोन हब घडवले, कडक पोलादाचे. काय देखणं काम होतं! मी हातात घेऊन बसलो तर सोडवेना. वहिनीही खूश होती. म्हणाली, "आता यात काहीही तुटणार नाही."

जुन्या खाणीत चाचणी घ्यायची ठरली. मी चालवणार होतो. दादाला आम्ही जवळजवळ ओढूनच आणला. तो दगडावर बसून राहिला, हात खिशात. मी दोन धोंड्यांत चाक घातलं आणि दिला जोर. एक्सल टिकले. क्रॉस टिकले. हब तर हललेही नाहीत. मी खिडकीतून ओरडलो, "वहिनी, जिंकलीस!" आणि खालून कडाड्कन आवाज आला.

डिफरन्शियल गेला होता. दोन्ही बाजूंच्या एक्सलच्या मधोमध जो मोठा गोळा असतो, ज्यात दातेरी चाकं फिरतात, त्याचे दाते उडाले. बाकी कोणी माघार घेईना, म्हटल्यावर सगळा जोर तिथं जाऊन फुटला. तो उघडायचा म्हणजे दोन्ही चाकं काढा, दोन्ही एक्सल ओढा, तेल सांडा. धडधाकट दोघांच्या नाकी नऊ येतात.

वहिनीचा चेहरा इतका उतरला की मला चिडवायचंही सुचलं नाही. आणि दादा चक्क हसला. किती महिन्यांनी हसला असेल! पण ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

"अगं," तो म्हणाला, "केलंस ते झकासच केलंस. पण तुटायचं ते कुठं ना कुठं तुटणारच. हे आता मी वर एकटा, या हातानं कसं उघडू?"

वहिनी हत्यारं गोळा करू लागली. मला वाटलं, संपलं. बाई हरली.

पुढे बरेच दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. डिफरन्शियल दुसरा बसला, एवढं मला ठाऊक होतं, कारण तो मीच पाठवला होता. मग एका दुपारी मी सहज दादाच्या घरी गेलो. दादा हात दाखवायला दवाखान्यात गेला होता. अंगणात ट्रकच्या पुढच्या चाकापाशी वहिनी मांडी घालून बसलेली. उजव्या हाताला कापडी पट्टी गुंडाळलेली.

"अगं बाई! काय झालं हाताला?" मी धावलो.

"ओरडू नका. काही झालेलं नाही."

जवळ जाऊन बघतो तर तिनं मधली तीन बोटं तळहाताशी दुमडून पट्टीनं घट्ट बांधली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी मोकळी. त्या हातानं ती हबचा बोल्ट काढत होती. तो निसटून मातीत पडत होता. ती उचलत होती, पुसत होती, पुन्हा लावत होती. करंगळी सोलवटून लाल झाली होती.

मी, ज्याचं तोंड कधी बंद नसतं तो, पायरीवर बसून राहिलो.

"काहीच तुटायला नको, असं धरून बसले होते मी," ती म्हणाली. "चुकलंच माझं. काय तुटलेलं चालेल, ते आधी ठरवायला हवं होतं. हब तुटलेला चालतो, भावजी. बाहेरच्या बाहेर बदलता येतो. चाक काढायला नको, जॅक लावायला नको. यांना पुन्हा जॅकखाली हात घालावा लागणार नाही."

तिनं स्वतः घडवलेले ते देखणे हब काढून टाकले होते आणि बाजारचे साधे बसवले होते. एक्सल मोडायच्या आत ते मोडावेत म्हणून. मी म्हटलं, "अगं, ते तुझे हब..."

"ठेवा तुमच्या दुकानात. शोभेला."

आणि तिचं खरं काम तर पुढेच होतं. बोल्ट. बाजारचा बोल्ट धरायला तीन बोटं लागतात. तिनं लेथवर नवे घडवले. डोकं मोठं, गोल, खरखरीत, अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत बसेल असं. टोक निमुळतं, म्हणजे भोकावर नुसतं टेकवलं तरी आपोआप आत शिरेल. पाना लांब दांड्याचा, डाव्या हातानं फिरवता येणारा. एकेक बोल्ट त्या बांधलेल्या हातानं लावून बघायची. जमला नाही की परत लेथवर. "केसभर मोठं आहे डोकं," म्हणायची. पट्टीतली बोटं बधिर व्हायची तेव्हा सोडून चोळायची आणि पुन्हा बांधायची.

"यांना कळता कामा नये," तिनं मला दम भरला. "कळलं तर तुमची खैर नाही."

मी आजवर एकही गुपित पोटात ठेवलेलं नाही. हे मात्र ठेवलं.

दादाला तिनं फक्त एवढंच सांगितलं, "काही तुटलं तर हब तुटेल. सीटमागे दोन जास्तीचे ठेवलेत. बाकी काही तुटत नाही." दादानं ट्रकभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, बोल्टच्या डोक्यावर डाव्या हाताचं बोट फिरवलं. "हे असले बोल्ट कुठं मिळाले?" "मिळतात," वहिनी म्हणाली.

तो निघाला त्या दिवशी सकाळीच मी दुकान बंद करून त्यांच्या घरी जाऊन बसलो. वहिनीनं रजा टाकली होती, पण स्वस्थ बसेल तर शपथ. तेच कपाट तिनं दोनदा पुसलं. मी फोन लावायला घेतला, तर म्हणाली, "नका करू. त्यांना वाटेल, आपल्याला खात्री नाही."

"मला नाहीच आहे खात्री!" मी ओरडलो.

"मला तरी कुठं आहे?" ती म्हणाली आणि पुन्हा कपाटाकडे वळली.

परतायची वेळ टळून गेली. चहा झाला, तो तसाच निवला. माझा जीव टांगणीला लागला होता. मी तिच्यावर, दादावर, त्या पठारावर, टेलिफोनचा शोध लावणाऱ्यावरसुद्धा मनसोक्त चिडून घेतलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

ट्रक अंगणात शिरला. दादा उतरला. अंगभर धूळ, बाहीला ग्रीस. "माल पोचला," म्हणाला. बस, एवढंच. मी त्याला मिठी मारायची की एक ठेवून द्यायची, या विचारात असताना वहिनी सरळ पुढच्या चाकापाशी गेली. डाव्या बाजूचा हब जुना, धुळीनं भरलेला. उजव्या बाजूचा कोरा करकरीत. सगळे बोल्ट जागच्या जागी, नीट आवळलेले.

"ओढ्यात गेला," दादा सांगू लागला. "चढावर. टक् आवाज झाला, मला वाटलं पुन्हा तेच. उतरून बघतो तर हब. बदलला आणि निघालो. एक्सलला काहीसुद्धा झालेलं नाही. वर पोरांनी गराडा घातला, म्हणून उशीर झाला."

वहिनीनं एका बोल्टवर बोट ठेवलं. वळूनही बघितलं नाही.

"अहो, कुठल्या हातानं बदललात?"

"कुठल्या म्हणजे?" दादा म्हणाला. मग थांबला. स्वतःच्या हातांकडे बघू लागला. दोन्ही तळहात ग्रीसनं काळे होते.

"दोन्ही हातांनी," तो हळूच म्हणाला. "अगं, माझ्या लक्षातच आलं नाही. दोन्ही."

आमची वहिनी, जी दवाखान्यात रडली नाही, खाणीत रडली नाही, ती तिथंच चाकाला टेकून मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. मीही रडलो, लाज कसली त्यात! दादा तिच्यापुढे उकिडवा बसला. काय झालं ते त्याला धड कळलंही नव्हतं. "अगं, आलो ना मी," म्हणत त्यानं तिचे डोळे पुसले, उजव्या हातानं. तिच्या गालावर ग्रीसचे दोन पट्टे उमटले, एक अंगठ्याचा आणि एक करंगळीचा.