फोटोतला रिकामा कातळ

दिवाणखान्यातल्या फोटोबद्दल कुणी विचारलं की इतकी वर्षं मी फक्त तंत्र सांगून वेळ मारून नेली. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा. आधी पुढच्या रानफुलांवर फोकस करायचा, मग मधल्या कातळावर, मग पलीकडच्या डोंगरावर, आणि ते सगळे फोटो संगणकावर एकत्र करायचे. जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट दिसतं. अट एकच, तोवर काही हलता कामा नये.

त्या कातळावर माझी बायको सुमन बसली होती, हे मी सांगत नसे. तिचे हात प्रत्येक फोटोत जरासे सरकलेले होते. एकत्र केल्यावर तिथे धूसर डाग दिसू लागला. तो नीट करत बसण्यापेक्षा मी तिलाच पुसून टाकलं.

फोटो भिंतीवर लागला तेव्हा तिनं विचारलं, "मी कुठाय हो यात?"

पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "तेवढा वेळ वाऱ्यानं दम धरला, आमच्या बाईंना धरवला नाही."

सगळे हसले. तीही हसली.

कंपवात आहे, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्याला एका वेळी एकच अंतर नीट दिसतं. मी डोंगरावरचं झाडन्‌झाड स्पष्ट केलं, आणि चार हातांवर बसलेलं माणूस थरथरतंय हे मला कळलं नाही.

शेवटच्या आजारपणात माफी मागायची म्हणून मी कितीदा तरी तिच्या पलंगाशी जाऊन बसलो. मी जवळ आलो की ती हात पांघरुणात ओढून घ्यायची.

"हलत नाहीये हो मी," म्हणायची.

"झोप आता," एवढंच म्हणून मी उठायचो.