मोठेबाबांचा खोकला आणि पिवळी मारबत

मोठेबाबा गेले, पण त्यांचा खोकला काटोलच्या घरातच राहिला.

हे माझं म्हणणं नाही, मोठ्या आईचं आहे. (मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटते. तरी लिहिते आहे!) मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, संत्र्याचे बागायतदार; मोठी आई त्यांची बायको. हिवाळ्यात खोकत खोकतच ते रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात दाखल झाले आणि तिथून घरी आले ते अगदी शांत, आडवे. पण पहाट झाली की ओसरीवर खोकल्याची ढास येते, असं मोठी आई सांगू लागली.

"माणूस गेला वं," ती म्हणायची, "मंग हा काहून नाही गेला?"

यावर तिच्याकडे एकच उपाय होता. मारबत!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन अवाढव्य मारबती निघतात, बांबू-कागदाच्या. त्यांच्यासोबत बडगे असतात, म्हणजे शहराला ज्याचा राग आलेला असतो त्याचे पुतळे. लोक आपापली दुखणी ओरडून मारबतीच्या पदरात टाकतात आणि शेवटी तिला जाळतात. मोठेबाबा दरवर्षी मोठ्या आईला घेऊन यायचे आणि गर्दीत उभं राहून गर्जना करायचे, "संत्र्याची गळ घेऊन जा गे मारबत!" मोठी आई नुसती शेजारी उभी असायची. चारचौघांत तिनं कधी आवाज चढवला नाही.

"या वर्षी तू ओरडजो," पोळ्याच्या संध्याकाळी नागपूरला आमच्याकडे येताना एसटीतून उतरल्या उतरल्या ती मला म्हणाली. "खोकला घेऊन जा म्हण. तुले तं सवयच आहे."

सवय? अहो, मी शहर बससाठी चौकाचौकांत घोषणा देणारी मुलगी! माझ्यावर विश्वास टाकणारं घरातलं हे पहिलंच माणूस.

सकाळी बाबा म्हणाले, "ऑटो करून देतो. सरळ इतवारीत उतरा."

"ऑटो?" मी कडाडले. "आणि मी लोकांना काय तोंडानं सांगू? बसनं जाऊ! झिरो माईल दाखवते, मेट्रोत बसवते, तिथून मारबत. अख्खं नागपूर एका दिवसात, स्वतःच्या गाडीचा कणभर धूर न करता!"

"अवं, तिले नागपूर नाही पाहायचं. मारबत पाहायची आहे."

मी ऐकलं नाही. (सामान्य माणसाची हीच उदासीनता व्यवस्थेला पोसते!) शिवाय माझ्यासोबत माझा स्वतःचा बडग्या होता. पुठ्ठ्याची बस, तिला माणसाचे लांबलचक पाय आणि गळ्यात पाटी: 'न येणारी बस'.

बस आली. उशिरा, पण आली. मी बडग्याला सीटवर टेकवला.

"ताई, याचं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"हा पुतळा आहे!"

"बसला तं आहे ना सीटवर."

"अहो, हा तुमच्याच बसचा निषेध आहे! पाटी वाचा. न येणारी बस!"

त्यानं पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आल्या ना बसनं? मंग न येणारी कशी?"

सगळी बस हसली. मोठी आईसुद्धा पदराआड हसली, हिवाळ्यानंतर पहिल्यांदा! तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी उभी राहून सबंध बसला सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास ऐकवला, खड्ड्यांच्या आवाजाच्या वरच्या पट्टीत. इतिहास संपला तेव्हा झिरो माईलचे दगडी घोडे दिसले.

"हे बघ मोठी आई, देशाचा मध्य!"

"बरं," ती म्हणाली.

मिरवणुकीसाठी रस्ते बंद होते. बस वळली, पुन्हा वळली, कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून फिरली, आणि समोर परत दगडी घोडे.

"हे आपल्या मांगं लागले काय वं?"

मी धावत ड्रायव्हरपाशी गेले. "हा काय प्रकार आहे? प्रवाशांना पूर्वसूचना का नाही?"

"मॅडम," तो शांतपणे म्हणाला, "आज मारबत आहे. माहीत नाही का तुम्हाले?"

मला! मारबतीलाच निघालेल्या मला! त्याला मी जे सुनावलं ते बस सोडून फुटपाथवर उतरल्यावरही चालूच होतं.

मेट्रो स्टेशनवर गार्डनं विचारलं, "ये कौन है?"

"बडग्या."

"मशीन में डालो."

बडग्याचं धड मशीनमध्ये गेलं, पाय अडकले. पट्टा थांबला, मागे रांग लागली. मी नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर आले. घसा खरखरू लागला होता, पण मुद्दा तत्त्वाचा होता!

मोठी आई पुढे झाली आणि गार्डला हात जोडून म्हणाली, "जाऊ द्या ना भाऊ. हिले तिथं जाऊन ओरडायचं आहे, आणि आवाज इथंच संपवून राहिली."

बडग्या स्टेशनवरच सोडावा लागला. मेट्रो चालू झाली आणि शहर खाली गेलं. मोठी आई खिडकीशी बसली.

"इथून रामदासपेठ दिसते काय वं?"

"नाही गं, ती त्या बाजूला."

तिनं मान त्या बाजूला वळवली आणि उतरेपर्यंत तशीच बसली. माझ्याकडे त्या मार्गाविषयी भरपूर माहिती होती. ती मी सांगितली नाही.

चितार ओळीला उतरलो तर गर्दी उसळलेली. बॅरिकेडपाशी पोलीस म्हणाला, "पलीकडून या." पलीकडून आलेले लोक म्हणाले, तिकडूनही बंद. मग त्या पोलिसाशी मी भांडले, माझा उरलासुरला आवाज लावून. तो कंटाळला आणि त्यानं आम्हाला आत सोडलं. जिंकले!

आणि पिवळी मारबत आली. डोळे वटारलेली, छतांना टेकेल एवढी. चहूबाजूंनी आरोळ्या, महागाई घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा, पेपरफुटी घेऊन जा गे मारबत!

मोठ्या आईनं मला कोपरानं ढोसलं. "आता."

मी छाती भरून श्वास घेतला, मूठ वर केली, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा जोर लावला तर घशातून ढास आली. कोरडी, खोल, कमरेतून वाकवणारी. मी खोकतच राहिले.

मोठ्या आईचा हात माझ्या पाठीवर आला. वरून खाली, वरून खाली, सावकाश. हात सरावलेला होता.

"असाच," ती म्हणाली. "हुबेहूब असाच."

मी खुणेनं सांगत होते, मारबत चालली, तू ओरड! तिनं वर पाहिलं, ओठ हलवले.

"राहू दे गे बाई," ती मारबतीला म्हणाली. "नको नेऊ त्याले."

एवढ्या हळू, की शेजारी मी होते म्हणून मला ऐकू आलं. मारबत पुढे निघून गेली.

माझा आवाज परत यायला बरेच दिवस लागले. (घरात कोणाचीही तक्रार नव्हती.) मग एका पहाटे काटोलहून फोन आला.

"तो गेला वं," मोठी आई म्हणाली. "खोकला. मारबतीनं ऐकलंच नाही माझं."

"अगं, मग बरंच झालं की!"

ती म्हणाली, "उठून बसते मी ऐकाले. ओसरी सुनी पडली." आणि मग, "तुझा घसा कसा आहे?"

"एकदम खणखणीत! काल सभेत..."

"एकदा खोकून दाखव ना वं."

आता हा फोन अधूनमधून येतो. चौकात मी जीव तोडून बोलते तेव्हा लोक माझं पत्रक न वाचता खिशात कोंबतात. इथे एक बाई माझं ऐकायला पहाटे उठून बसते आणि तिला माझा एकही मुद्दा नको असतो. मी फोन कानाशी धरते आणि मन लावून खोकते.

"जरा खालच्या आवाजात," ती पलीकडून सांगते. "ते तुझ्यासारखे कोकलत नव्हते."