वाकलेली तिसरी पिन

मी कमी बोलतो. घरात याला समंजसपणा म्हणतात. खरं कारण वेगळं आहे आणि ते आता लिहूनच टाकणार आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, डोंबिवलीत राहतात. निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटर शिकले आणि बुद्धविहारातल्या १४ एप्रिलच्या जयंतीचा फ्लेक्स दरवर्षी स्वतः बनवू लागले. चार वर्षांपूर्वी मी ठाण्याहून माझा जुना मॉनिटर त्यांना नेऊन दिला. टेबल भिंतीला चिकटलेलं. मागे हात घालून, न बघताच, कॉम्प्युटर आणि मॉनिटर जोडणारी व्हीजीएची वायर दाबली. जाईना, म्हणून जोर लावला. काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव उमटलेलं पाहिलं आणि चहाही न घेता निघालो.

आठवड्याने अण्णांचा फोन. "अरे, सगळं पिवळं दिसतंय. निळा तर काळाच."

"मोतीबिंदू असेल अण्णा. वय झालं आता."

"तुझ्या आईलापण पिवळंच दिसतंय."

"मग तिलाही असेल."

मागून आई म्हणाली, "आणि टीव्हीवरचा निळा दिसतो तो कुठल्या डोळ्याने?" मी हसून फोन ठेवला.

डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे असं सांगितलं, आणि अण्णांनी माझं म्हणणं खरं मानलं. पडद्यावर काळा दिसायचा थांबेपर्यंत ते निळा फिका करत गेले. फ्लेक्स विहारासमोर लागला तेव्हा निळ्याचा राखाडी झाला होता. "काका, निळा धुवायला टाकलेला काय?" कुणीतरी म्हणालं. त्यानंतर अण्णा समितीला म्हणाले, "दुसऱ्या कुणाला द्या. मला रंग कळत नाहीत."

अण्णांना मॉनिटर नकोसा झाला, तेव्हा तो परत न्यायला मीच गेलो. वायर काढली तर तिच्या टोकाच्या वरच्या ओळीतली तिसरी पिन आडवी झोपलेली. व्हीजीएमध्ये लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाची पिन वेगळी. निळ्याची मीच वाकवली होती. एचडीएमआय या नव्या प्रकारच्या वायरीत रंग असे सुटे जात नाहीत. चित्राची सगळी माहिती आकड्यांत जाते, त्यामुळे एकटा निळा गायब होणं कठीण. त्या मॉनिटरला आणि अण्णांच्या कॉम्प्युटरला, दोन्हींना एचडीएमआयची जागा होती. मी बघितलीच नव्हती. सगळं कळूनही वायर गुंडाळून पिशवीत टाकली आणि तीन वर्षं गप्प राहिलो.

यंदा मार्चमध्ये तोच मॉनिटर, एचडीएमआयची नवी वायर आणि ती जुनी वायर घेऊन डोंबिवलीला गेलो. या वेळी टेबल पुढे ओढलं, भोकं नीट पाहिली, मगच वायर लावली. पडद्यावर निळा आला. जुनी वायर अण्णांच्या हातात देऊन सगळं सांगितलं. कळूनही लपवलं, हेसुद्धा.

त्यांनी चष्मा लावून पिन बराच वेळ बघितली. "मला डोळे दाखवायला पाठवलंस," एवढंच म्हणाले. मग चष्मा काढत, "मला सांगून काय होणार? हसले ते विहारातले. तिथे सांग."

रविवारी वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. पन्नासेक माणसं असतील. "चूक माझ्या हाताची होती. अण्णांना रंग तेव्हाही कळत होते, आताही कळतात."

समितीच्या मावशी अण्णांकडे वळल्या. "मग यंदाचं काय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "लांबी-रुंदी सांगा," ते म्हणाले, "आणि मजकूर बुधवारपर्यंत द्या."