पाणी चाखणारा

सक्करदऱ्याकडच्या एका तळ्यात पाणगवत खायला एका मासेमाराने गवत्या मासे सोडले होते. मोठे झालेले मासे तो आम्हाला विकायचा. जाळं टाकण्याआधी ओंजळभर पाणी चाखायचा. मला किळस यायची.

एका सकाळी तो पाणी चाखून थुंकला. डासांसाठी कोणीतरी औषध ओतलं असावं.

“मास्तर, कालचा मासा खाल्ला काय जी?”

“पोरींनी खाल्ला.”

“काल सर्दीनं मले चवच नव्हती,” तो म्हणाला.

जाळं तिथंच काठावर सोडून तो माझ्यामागे घरी आला. ओसरीवर बसला आणि लंगडी खेळणाऱ्या मुलींकडे बघत राहिला. चहाला हात लावला नाही. दिवेलागणीला पोरी भूक लागली म्हणून भांडू लागल्या, तेव्हा त्याने प्यायला पाणी मागितलं.